पातळ तेलाचा आळ : ठाणे, बाळकुम, डोंबिवली, कल्याण

लोक हवापालटाला निघतात, देवदर्शनाला निघतात, कुणाच्या तरी लग्नाला निघतात. मी माझ्या आयुष्यातल्या पहिल्या मोठ्या प्रवासाला निघाले ती माझ्या वडिलांना कल्याणच्या भर बाजारात भेसळखोर म्हटलं म्हणून. या ब्लॉगवर तुम्ही माझं हंपी वाचलंत, माझा बद्रीनाथ वाचलात. गेल्या महिन्यात एका वाचक मुलीनं विचारलं, "आजी, ठाणे ते कल्याण असं दोन-तीन दिवसांत फिरण्यासारखं काही आहे का हो?" आहे ना, बाई. मी फिरलेय. पंचावन्न-छप्पनचा सुमार असेल, दिवाळी नुकतीच झाली होती. आता नव्वदीला टेकले तरी तो प्रवास आठवला की माझा रक्तदाब वाढतो, आणि डॉक्टर मला मीठ कमी खा म्हणतात!

तर आधी अण्णांबद्दल. अण्णा म्हणजे माझे वडील. ठाण्याच्या स्टेशनरोडला त्यांचं यंत्रांच्या तेलाचं दुकान होतं. गिरण्या, पिठाच्या चक्क्या, छापखाने, जे जे म्हणून फिरतं त्याला लागणारं तेल, ग्रीस आणि पट्टे. दुकानात शिरलं की आधी वास यायचा आणि मग अण्णा दिसायचे. बोलायला अगदी कमी. गिऱ्हाईक तेल मागायला आलं की अण्णा विचारत, "कशाला हवंय? यंत्र किती जोरात फिरतं? जड आहे का हलकं?" लोकांना याचा वैताग यायचा. तेल मागितलं तर तेल द्यावं, चौकशा कशाला?

पण त्या चौकशांतच सगळं होतं. जड, सावकाश फिरणाऱ्या यंत्राला जाड तेल लागतं. सूतगिरणीतल्या चाती मात्र हलक्या आणि भयंकर वेगात फिरणाऱ्या. चात म्हणजे सूत ज्याच्यावर गुंडाळलं जातं तो उभा लोखंडी दांडा. त्याच्या बुडाशी एक छोटी डबी असते, तिच्यात तेल. ते तेल पातळच हवं, जवळजवळ पाण्यासारखं. जाड घातलं तर चात त्या तेलातच रुतते, तापते, झिजते, आणि सूत तुटायला लागतं. मी तेव्हा रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले होते, पण हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. दुकानात डबे भरता भरता शिकले.

आता आमच्या लोकांची तेल पारखायची पद्धत ऐका. अंगठा आणि तर्जनी यांच्यात थेंब घ्यायचा, चोळायचा, मग बोटं हळूहळू लांब न्यायची आणि तार सुटते का बघायचं. तार सुटली की तेल चोख. नाही सुटली की पाणी मारलंय, रॉकेल मिसळलंय. अहो, ही पाकाची परीक्षा आहे! एकतारी, दोनतारी, चिरोट्यांचा पाक, लाडवांचा पाक. ती आणून लोखंडाच्या यंत्राला लावायची, आणि वर तोंड करून सांगायचं की आम्हाला तेलातलं कळतं. त्यातून रेशनचे दिवस लोकांच्या अंगात मुरलेले. साखरेत रवा, तांदळात खडे, दुधात पाणी पाहून पाहून सगळ्यांच्या डोळ्यांत संशय कायमचा बसलेला. जे पातळ ते खोटं, हे ठरूनच गेलं होतं.

कल्याणला दौलतशेठ म्हणून एक गृहस्थ होते. काळ्या तलावाच्या पलीकडे त्यांचा सुताला पीळ द्यायचा कारखाना. अण्णांनी त्यांना कंपनीचं सीलबंद पिंप पाठवलं, चातींसाठी असलेलं पातळ तेल. सोबत निरोप पाठवला की आधी चाती रॉकेलनं धुवा, जुनं चिकटलेलं तेल काढा आणि मगच हे घाला. दौलतशेठनी काही धुतलंबिवलं नाही. जुन्या, राळेसारख्या चिकट झालेल्या घाणीवरच नवीन तेल ओतलं. ती घाण सुटली, डब्यांत अडकली, चाती तापल्या, दोन-चार जळाल्याही. मग शेठनी काय करावं? अण्णांना बोलावून विचारावं? छे. ते तेल वाटीत घेऊन सूतबाजारात गेले, बोटांनी तार काढून दाखवली, अर्थातच सुटली नाही. मग चिंधी तेलात बुडवली, काडी लावली आणि ओरडले, "बघा, बघा, रॉकेलसारखं पेटतंय!" उरलेलं पिंप पुरावा म्हणून सील करून ठेवल्याचंही सगळ्यांना सांगितलं.

तुपातली वात पेटते, म्हणून तूप काय रॉकेल असतं? पण भर बाजारात पेटलेली चिंधी दिसली की कुणाला विचार सुचतो? आठवडाभरात निरोपांमागून निरोप आले. कुणी डबे परत पाठवले, कुणी नुसतंच यायचं थांबवलं. स्टेशनरोडवरून जाणारी ओळखीची माणसं दुकानासमोर आली की पलीकडच्या फुटपाथवर जायला लागली. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

शेवटी एका सकाळी अण्णांनी दुकानाला कुलूप लावलं. पिशवीत तेलाच्या दोन बाटल्या घातल्या, एक पातळ, एक जाड, आणि मला म्हणाले, "कुसुम, चल. तू शिकलेली आहेस, तू सांग त्यांना. मला बोलता येत नाही." आईनं दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली.

पहिल्या दिवशी बाळकुम. आज तुम्ही घोडबंदर रोडवरून मॉलकडे बघत बाळकुमला पोचता आणि तिथे पंचवीस-पंचवीस मजल्यांच्या इमारती दिसतात. तेव्हा आम्ही टांग्यानं गेलो. कापूरबावडी सोडली की दोन्ही बाजूंना कापणी झालेली भाताची शेतं, आणि खाडीचा वारा येऊन नाकाला लागायचा. टांगेवाल्यानं सहा आणे सांगितले, पाचात आला. रस्ता खडीचा, हाडं खिळखिळी होतात, त्यामुळे काचेच्या बाटल्या मी मांडीवरच धरून बसले होते.

बाळकुमला इनासकाकांची भात सडायची गिरणी होती. इनासकाका ख्रिस्ती, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच, घरापुढे क्रूस आणि क्रूसापुढे झेंडूची रोपं. त्यांना अण्णांनी कायम जाडच तेल दिलेलं, कारण त्यांचं यंत्र जड. म्हणजे त्यांची तेलाबद्दल काही एक तक्रार असायचं कारण नव्हतं. तरी त्यांनी डबा परत पाठवला होता! आम्हाला बघून ते इतके ओशाळले की आधी शहाळीच फोडायला गेले. काकूंनी गरम गरम फुगे आणले. मैद्याचे, वाटोळे, आतून पोकळ, जरासे गोडसर. मी इतके खाल्ले की अण्णांनी डोळे वटारले.

"इनास, माझ्या तेलानं तुझं काही बिघडलं का?" अण्णांनी विचारलं.

"नाय रं अण्णा. माजा काय बिगरला नाय."

"मग डबा का पाठवलास?"

इनासकाका खाडीकडे बघत म्हणाले, "कल्यानचा शेट बोलला तं आमी कोन? सगला गाव बोलतंय, अण्णाचा तेल खोटा. मी घेतला तं माना येरा बोलतील, अक्कल नाय बोलतील. तो शेट बोलू दे का तेल चांगला हाय, मी उद्या घेतंय."

मी बाटल्या काढल्या. जाड तेल का, पातळ तेल का, चात म्हणजे काय, सगळं सांगितलं. काकूंना कळलं, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पण इनासकाकांनी दोन्ही बाटल्यांतला थेंब बोटावर घेतला, तार काढून बघितली आणि पातळ बाटलीकडे बोट करून हळूच म्हणाले, "बाय, पन ही पातल हाय गं."

परतीच्या वाटेवर मी फणफणत होते. स्वतःच्या गिरणीत रोज डोळ्यांनी दिसतंय, काही बिघडलेलं नाही, तरी वीस मैलांवरच्या शेठचं तोंड खरं! अण्णा एवढंच म्हणाले, "गावात राहायचंय त्याला." मला ते पटलं नाही. अजून पटलेलं नाही.

पण एक गोष्ट स्पष्ट झाली होती. बाकी कुणाकडेही जाऊन उपयोग नव्हता. दौलतशेठच्या तोंडून 'तेल चांगलं' असं निघाल्याशिवाय अण्णांचं दुकान उघडं असून बंद असल्यातच जमा होतं.

दुसऱ्या दिवशी, लोकलच्या गर्दीत बाटल्या फुटतील म्हणून, एस. टी. पकडली. ठाणे, कळवा, मुंब्रा आणि शीळफाटा. ज्यांना आज शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास घालवावे लागतात त्यांनी हे वाचून रडावं. तेव्हा तिथे पुण्याचा रस्ता एका बाजूला, कल्याणचा एका बाजूला, मधे एक आंब्याचं झाड आणि झाडाखाली चहाचं खोपट. कल्याण-डोंबिवलीकडची गाडी वेळेवर आली तर दिवाळी समजायची. आम्ही चहा सांगितला. भजी गरम होती, पण तेल कालचं होतं, आणि त्या तेलाची कुणी तार काढून बघत नव्हतं!

खोपटात एक ट्रक ड्रायव्हर बसला होता. माझ्या पिशवीतून बाटलीचं तोंड बाहेर आलेलं त्याला दिसलं.

"काय आहे ताई, औषध?"

"यंत्राचं तेल."

"बघू?" त्यानं विचारलं, आणि माझ्या हो-नाहीची वाट न बघता बूच काढून बोटावर थेंब घेतला. चोळला. बोटं लांब केली. "पाणी मारलंय याच्यात. कुणाकडनं घेतलं? फसवलंय तुम्हाला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुमच्या ट्रकच्या इंजिनात काकवी घालता का हो? मग का नाही घालत? तिची तार छान सुटेल." तो बिचारा चपापला. अण्णांनी चहाचे पैसे टेबलावर ठेवले आणि मला हाताला धरून बाहेर नेलं.

गाडी आलीच नाही. पेंढा भरलेली एक बैलगाडी डोंबिवलीजवळच्या मानपाड्याकडे जात होती, तिच्यावर बसलो. हा मात्र सगळ्या प्रवासातला सुखाचा भाग. पेंढ्याची ऊब, लांबवर मलंगगडाची शिखरं, आणि गाडीवान त्याच्या बैलांशी सतत बोलत होता. चाकाला त्यानं करंजाचं तेल लावलेलं होतं, आणि चाक अजिबात करकरत नव्हतं. अण्णा खाली वाकून ते चाक बघत बसले. मला वाटतं तीन दिवसांत ते तेवढाच वेळ खुश होते.

डोंबिवलीत वसंतकाकांकडे मुक्काम. वसंतकाका अण्णांचे शाळेतले मित्र, लेथ मशीन टाकून छोटंसं वर्कशॉप चालवणारे. तेव्हाची डोंबिवली म्हणजे कौलारू घरं, विहिरी आणि संध्याकाळी ओट्यावर बसून वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणारे कारकून. वसंतकाकूंनी वालाचं बिरडं केलं होतं, ओलं खोबरं घालून, अगदी दाताखाली यावेत असे अख्खे वाल ठेवून. डोंबिवलीला गेलात तर कुणाच्या तरी घरी बिरडं खाल्ल्याशिवाय येऊ नका. हॉटेलात मिळतं त्याला मी बिरडं म्हणत नाही.

जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता वसंतकाकांनी तोडगा सांगितला.

"अरे, तू भोळा आहेस. लोकांना तार हवी ना? दे त्यांना तार. थोडी राळ घे, तेलात उकळ. अशी तार सुटेल की शेठ नाचेल. वरून चिमूटभर लाल रंग टाक, म्हणजे दिसायलाही भारी."

राळ! ज्या चिकटपणानं शेठच्या चाती जळाल्या तोच चिकटपणा आम्ही मुद्दाम घालायचा! म्हणजे भेसळ केली नाही म्हणून भेसळखोर, आणि भेसळ केली की चोख माणूस! मी काहीतरी बोलणार तोच अण्णांनी विचारलं, "किती राळ लागते?"

तेवढं एक वाक्य ऐकून मला बिरडं जड गेलं. माझे अण्णा, जे पिंपाच्या तळाशी उरलेला गाळ कधी कुणाच्या डब्यात जाऊ देत नसत, ते विचारत होते किती राळ लागते. वसंतकाकांनी तर हौसेनं वर्कशॉपातून पुडी आणून त्यांच्या पिशवीत टाकलीसुद्धा. मी काकूंबरोबर भांडी विसळायला विहिरीवर गेले आणि एकेक भांडं हवं त्याच्यापेक्षा जास्त घासलं.

सकाळी चहा पिऊन निघताना अण्णांनी ती पुडी पिशवीतून काढली आणि लेथच्या फळीवर ठेवली. "वसंता, चाती जळतील रे," एवढंच म्हणाले. वसंतकाका हसले, "मग दुकान जळू दे." ते चिडून नव्हते म्हणाले, काळजीनंच म्हणाले. पण मला त्यांचाही रागच आला.

तिसरा दिवस कल्याणचा. स्टेशनवरून टांगा, पारनाक्यावरून पुढे. काळा तलाव तेव्हा खरोखर काळा आणि शांत होता, काठावर धोबी कपडे आपटत होते. आता तिथे बागबगिचा आणि दिवे केलेत, संध्याकाळी पोरंबाळं घेऊन जायला बरं आहे. दौलतशेठचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड, आणि पुढच्या बाजूला पेढी. पेढीत गाद्या-तक्के, आणि गाद्यांवर सुताचे व्यापारी रेललेले. त्याच मंडळींसमोर ती चिंधी पेटली होती.

"या, या, रॉकेलवाले!" दौलतशेठ म्हणाले. सगळे हसले.

अण्णांनी हात जोडले. मला वाटलं, आता हे नुसतेच उभे राहणार. पण ते शांतपणे म्हणाले, "शेठ, तुमच्या एका यंत्राच्या दोन बाजू मला द्या. एका बाजूला तुमचं आवडीचं जाड तेल घाला. दुसऱ्या बाजूला माझं. दुपारपर्यंत चालवा आणि हात लावून बघा. तुमची बाजू थंड राहिली तर मी दुकान बंद करतो."

"तेल कुठलं? आज नवं आणलं असेल चांगलं!"

"तुम्ही पुरावा म्हणून ठेवलेलं पिंप आहे ना तुमच्याकडे? तेच. त्याच्यातलंच."

शेठ म्हणाले, "ठीक आहे." पिंप आतल्या खोलीतून लोळवत बाहेर आलं. शेठनी स्वतःच्या हातानं त्याला लाखेचं सील केलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच फोडलं. हे मी मुद्दाम सांगतेय, लक्षात ठेवा.

मग अण्णांनी जुनी घाण धुवायला रॉकेल मागितलं. झालं! शेठ पेढीत धावले, "ऐकलंत? रॉकेल मागतायत! स्वतःच मागतायत!" पुन्हा हशा. मी पेढीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "शेठजी, भांडं घासायला राख वापरतात, म्हणून काय कुणी आमटीत राख घालतं का?" एक म्हातारा व्यापारी मनापासून हसला. बाकीचे माझ्याकडे असं बघत होते जसं काही मी पदर खोचून लेझीम खेळायला उभी राहिले होते.

अण्णांनी आणि कारखान्यातल्या कामगारांनी एका बाजूच्या चाती एकेक उपटून रॉकेलमध्ये बुडवल्या. काळा, चिकट गोळा निघत होता. तोच शेठच्या जुन्या तेलाचा गाळ, ज्याच्यावर त्यांनी आमचं तेल ओतलं होतं. फडक्यानं पुसून, डब्या स्वच्छ करून अण्णांनी पातळ तेल घातलं, तेही गळ्यापर्यंत नाही, हवं तेवढंच. यंत्र सुरू झालं. त्या आवाजात बोलायची सोय नव्हती, ते बरंच झालं. आम्ही बाहेर पायरीवर बसून उरलेल्या दशम्या खाल्ल्या.

दुपारी शेठ आले आणि जाड तेलाच्या बाजूला हात लावला. लगेच मागे घेतला. मग आमच्या बाजूला लावला आणि तिथेच ठेवला. थोडा वेळ ठेवला, मग पुढच्या चातीवर, मग त्याच्या पुढच्या. आमच्या बाजूला सूतही कमी तुटत होतं, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसलं, त्यांना कळलं होतं. तुमच्या-माझ्याइतकं स्वच्छ कळलं होतं.

मी मनातल्या मनात शेठना माफसुद्धा करून टाकलं. आता ते पेढीत जातील, त्याच गाद्यांसमोर उभे राहतील आणि म्हणतील, चूक माझी झाली. मी अण्णांच्या मागोमाग पेढीत गेले, मुद्दाम, ते शब्द ऐकायला.

शेठनी टोपी सारखी केली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मंडळी, अण्णांनी या वेळी तेल चोख दिलंय. मी हात लावून बघितलं. आहे काय, माणूस वाईट नाही. एकदा खडसावलं की सुधारतो."

"हे तेच तेल आहे!" मी ओरडले. "तेच पिंप आहे! तुमच्याच हातानं सील केलेलं, तुमच्याच हातानं फोडलेलं! चाती तुम्ही धुतल्या नव्हत्या, म्हणून..."

शेठ हसले. अगदी मायेनं हसले. "अण्णा, मुलगी हुशार आहे हो तुमची. बापाची बाजू घेणारच." सगळे व्यापारी हसले, तो मघाचा म्हातारासुद्धा. आणि अण्णा, माझे अण्णा, हात जोडून म्हणाले, "कृपा असू द्या, शेठ."

कल्याणहून परतीची पॅसेंजर गाडी. डबा बराचसा रिकामा होता, खिडकीला जागा मिळाली. पण मला खिडकीबाहेरचं काही आठवत नाही. दिवा स्टेशन आलं तेव्हा माझा बांध फुटला. तेव्हाचं दिवा म्हणजे चिखल, मिठागरं आणि बगळे. आज तिथे माणसाला पाय ठेवायला जागा नाही आणि नळाला पाणी नाही, असं तिथल्या वाचकांनी कळवलं होतं.

"तुम्ही हात का जोडलेत?" मी विचारलं. "तुम्ही त्या माणसाला सांगितलं का नाही? तुम्ही कबूल केलंत, अण्णा! चोरी न करता चोरी कबूल केलीत!"

अण्णा म्हणाले, "आता तो चातींना कुठलं तेल घालेल?"

"आपलं."

"धुऊन घालेल?"

"घालेल."

"मी भांडलो असतो तर त्यानं रागानं जाडच घातलं असतं. चाती जळाल्या असत्या. कारखाना बंद पडला असता, ते कामगार घरी बसले असते. आता चालतील."

"आणि तुम्ही?"

"मी काय, मी चालतोच आहे."

हे उत्तर मोठेपणाचं आहे असं मला पुढे पुष्कळांनी सांगितलं. असेल. मला ते तेव्हाही सहन झालं नाही. यंत्राची इतकी काळजी, आणि स्वतःच्या नावाची काळजी करायला मात्र कुणीच नाही!

ठाण्याला आलो. दोन दिवसांत लोक तेल न्यायला डबे घेऊन पुन्हा यायला लागले. इनासकाका स्वतः आले, काकूंनी फुगे दिले होते. "शेट बोलला, अण्णा आता चांगला तेल देतंय," ते आनंदानं म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना 'आता' या शब्दात काही आहे हे कळलंही नाही. दुकान पुन्हा चाललं, पूर्वीपेक्षा जास्त चाललं. कल्याणहून नवी गिऱ्हाइकं आली. अण्णा तसेच विचारत राहिले, कशाला हवंय, किती जोरात फिरतं. माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले, नोकरी केली, प्रयोगशाळेत आयुष्यभर तेलंच तपासली. एक सांगते, मी एकाही तेलाची तार बोटांनी काढली नाही.

अण्णा गेले तेव्हा तेराव्याला घर भरलं होतं. कल्याणहून दौलतशेठचा मुलगा आला होता, त्याचेही केस पांढरे झालेले. आईजवळ बसून तो मनापासून म्हणाला, "अण्णा म्हणजे खरा माणूस. तरुणपणी एकदा पाय घसरला, पण कबूल केलं आणि पुढे जन्मभर सचोटीनं वागले. असं कोण करतं आजकाल? वडील आम्हाला नेहमी त्यांचं उदाहरण द्यायचे."

खोलीतली सगळी माणसं मान हलवत होती. मी उठले आणि त्या सगळ्यांसमोर पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पाकाची तार, पेटलेली चिंधी, न धुतलेल्या चाती, लाखेचं सील, तेच पिंप. आवाज चढला होता माझा, पण एक शब्द चुकला नाही.

दौलतशेठच्या मुलानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मुलीनं असंच म्हणायला हवं," तो म्हणाला, आणि दारात जाऊन चपला शोधायला लागला.